दिव्याची साक्ष

फोटोसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. बहुतेक जण त्याला 'छायाचित्र' म्हणतात, काही जण 'प्रकाशचित्र' म्हणणे पसंत करतात. सर जॉन हर्शेल यांनी १८३९ साली प्रचारात आणलेला इंग्रजी शब्द ग्रीक मुळांपासून तयार झालेला असून 'प्रकाशाने केलेले लेखन' असा त्याचा अर्थ आहे. आपण मात्र व्यवहारात प्रकाशाऐवजी छायेचे नाव पुढे केले. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच आहेत. उजेडच उजेड असला तर कागदावर काही उमटत नाही, आणि निव्वळ अंधार असला तरीही नाही. नाक कोठे संपते व गाल कोठे सुरू होतो, हे आपल्याला कळते ते उजेड आणि सावली यांच्या सीमेवर.

उघड्यावर काढलेल्या फोटोत हा उजेड सूर्य देतो आणि सूर्य कोणाची भीडमुर्वत ठेवीत नाही. स्टुडिओत मात्र उजेड माणूस देतो. दिवा कोणता, तो किती उंचीवर, कोणत्या बाजूला, त्यावर कोणत्या रंगाचा कागद, हे सारे कोणीतरी ठरवीत असते. जाणूनबुजून, ठरवून केलेली कृती ही मानवी कृती होय आणि अशा प्रत्येक कृतीला नीतीचा प्रश्न विचारता येतो, असे संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेले नीतिशास्त्र सांगते. कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती, या तिन्ही अंगांनी ती तपासावी लागते. म्हणूनच वरकरणी साधा वाटणारा एक प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत: दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपल्या मर्जीचा रंग आणि आपल्या मर्जीची सावली टाकण्याचा अधिकार दिवा धरणाऱ्याला कितपत आहे?

हा प्रश्न फोटोग्राफरांपुरता आहे असे कोणी समजू नये. आपल्या घरांच्या भिंतींवर लग्नाचा फोटो असतो, मुलांच्या प्रथम कम्युनियनचा असतो आणि पलीकडे हार घातलेला आजोबांचा असतो. नातवंडांनी आजोबांना पाहिलेले नसते. त्यांच्यापुरते आजोबा म्हणजे तो एक फोटो. कधीकाळी एका दुपारी कोणा फोटोग्राफरने दिवा उजवीकडे ठेवला की डावीकडे, यावर एका माणसाची पुढच्या पिढ्यांतील ओळख ठरून जाते. ही लहान गोष्ट नव्हे.

प्रथम या विद्येची रीत थोडक्यात पाहू. पारंपरिक स्टुडिओत एक मुख्य दिवा असतो, ज्याला फोटोग्राफर मेन लाइट म्हणतात. त्याने पडलेल्या सावल्या सौम्य करण्यासाठी दुसऱ्या बाजूला मंद असा फिल लाइट ठेवतात आणि केसांची कड पार्श्वभूमीपासून सुटी दिसावी म्हणून मागून एखादा दिवा देतात. मेन लाइट चेहऱ्याच्या एका बाजूला आणि डोळ्यांहून बराच वर ठेवला, की पलीकडच्या सावलीतील गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून फोटोग्राफर या रीतीला त्याचेच नाव देतात. तोच दिवा अगदी समोर आणला तर चेहरा सपाट होतो. अगदी बाजूला नेला तर अर्धा चेहरा नाहीसा होतो. माणूस तोच, खुर्ची तीच, बदलली ती केवळ दिव्याची जागा.

आता या दिव्यांवर रंगीत जिलेटिन पेपर लावू. नाताळच्या नाटकात हेरोद राजाच्या दरबारावर लाल आणि गव्हाणीच्या देखाव्यावर निळा कागद लावण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. समजा, डावीकडच्या दिव्यावर लाल कागद आहे आणि उजवीकडच्या दिव्यावर निळा. डावा गाल तांबडा दिसेल, उजवा निळा, आणि जेथे दोन्ही पोहोचतात तेथे जांभळट गुलाबी छटा येईल. गंमत आहे ती सावलीची. लाल दिव्याने पडलेली नाकाची सावली काळी नसते, निळी असते. कारण लाल उजेड अडला त्या जागी निळा उजेड पोहोचतोच. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे योग्य प्रमाणात एकत्र केले तर भिंत पांढरी दिसते, पण मध्ये हात धरला की त्याच भिंतीवर पिवळ्या, आकाशी आणि गुलाबी-जांभळ्या सावल्या उमटतात.

जर्मन कवी ग्यॉटे यांना १७७७ सालच्या हिवाळ्यात ब्रोकेन पर्वत उतरताना बर्फावर अशाच रंगीत सावल्या दिसल्या होत्या. दिवसा बर्फावर पिवळसर झाक होती तेव्हा सावल्या जांभळट होत्या, आणि मावळतीच्या तांबूस उजेडात त्याच सावल्या हिरव्या झाल्या. १८१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात त्यांनी ही हकिकत नोंदवली. अशा सावल्यांचा रंग काही अंशी पाहणाऱ्याच्या डोळ्यातच तयार होतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

यावरून आमच्या विषयाला उपयोगी पडणारी एक गोष्ट निष्पन्न होते. सावली म्हणजे त्या जागी काही नाही असे नव्हे. सावली एवढेच सांगते की, अमुक एका दिव्याचा उजेड येथवर पोहोचला नाही. दुसरा दिवा असेल तर तेथेही काहीतरी दिसते. एकच दिवा असेल तर मात्र तो भाग काळा राहतो, आणि पाहणारा सहज समजून बसतो की तो भाग मुळातच काळा आहे.

रंगाच्या बाबतीतही अशीच फसगत होते. पाश्चात्य रंगभूमीवर हिरवा उजेड म्हणजे भूत, विष, मत्सर. आपल्याकडे मात्र हिरव्या बांगड्यांवाचून नववधूचा हात भरत नाही. म्हणजे हिरवेपणात स्वतःचे असे काही अभद्र नाही. अभद्रपणाचा अर्थ आपण त्याला चिकटवतो. दिव्याच्या दिशेचे थोडे निराळे आहे. अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून धाकट्या भावंडांना घाबरवण्याचा खेळ बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. रोजचा उजेड वरून, आकाशाकडून येतो, याची आपल्या डोळ्यांना सवय आहे. तो उलट दिशेने आला की नाकाची सावली वर सरकते, डोळ्यांच्या खाचा वेगळ्या दिसतात, आणि रोज जेवू घालणारी थोरली बहीणसुद्धा क्षणभर परकी वाटते. बॅटरी विझली की बहीण परत येते. फोटोतील बॅटरी मात्र कधीच विझत नाही.

या विवेचनाला एका प्रत्यक्ष फोटोची जोड देणे इष्ट ठरेल. नीतीच्या दृष्टीने इतका अवघड फोटो आमच्या पाहण्यात दुसरा नाही. १९६३ साली अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन एका अमेरिकन साप्ताहिकाच्या कामासाठी जर्मनीतील एसेन शहरी गेले. त्यांना आल्फ्रीड क्रुप यांचा फोटो काढायचा होता. क्रुप हे पोलाद आणि शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या अवाढव्य उद्योगाचे मालक. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांत युद्धकैदी, परदेशांतून जबरदस्तीने आणलेले मजूर आणि छळछावण्यांतील बंदिवान यांना गुलामांसारखे राबवण्यात आले. न्यूरेंबर्ग येथील अमेरिकन लष्करी न्यायाधिकरणाने १९४८ साली क्रुप यांना दोषी ठरवून १२ वर्षांची शिक्षा फर्मावली आणि मालमत्ताही जप्त केली. परंतु १९५१ साली त्यांची मुक्तता झाली, मालमत्ता परत मिळाली, आणि १९६३ साली ते पुन्हा युरोपातील बड्या उद्योगपतींत गणले जात होते. न्यूमन हे ज्यू होते. ज्या समाजातील माणसे त्या छावण्यांत राबून मेली, त्या समाजातील एक माणूस आता हातात दिवा घेऊन क्रुप यांच्यासमोर उभा होता.

न्यूमन यांनी क्रुप यांना त्यांच्याच कारखान्यात उंचावर बसवले. पाठीमागे कारखान्याचे लांबच लांब दालन दिसते. प्रकाश मुख्यत्वे दोन्ही बाजूंनी चेहऱ्यावर येतो. त्यामुळे मधला भाग आणि डोळ्यांभोवतालची जागा सावलीत राहते. संपूर्ण चित्रावर एक हिरवट झाक आहे. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर ट्यूबलाइटचा उजेड हिरवट उमटतो आणि योग्य फिल्टर लावून ते टाळता येते, हे कोणत्याही मुरलेल्या व्यावसायिकाला ठाऊक असते. न्यूमन तर त्या काळच्या अग्रगण्य व्यक्तिचित्रकारांपैकी एक होते. त्यांनी क्रुप यांना जरा पुढे झुकायला सांगितले. क्रुप झुकले, हात हनुवटीखाली गुंफले गेले, आणि कॅमेऱ्याने टिपला तो एखाद्या सैतानाचा चेहरा. हा आपला लहानसा सूड होता, हे न्यूमन यांनी पुढे कधी लपवून ठेवले नाही.

हा फोटो पाहून प्रथम मनाला एक प्रकारचे समाधान वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. कायद्याने ज्याला तीन वर्षांत मोकळे केले, त्याला कलेने मोकळे केले नाही, असे वाटते. ज्यांना कधीच न्याय मिळाला नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी बोलले, असे वाटते. हे समाधान खोटे नाही. गुन्हा सिद्ध झालेला होता. न्यूमन यांनी क्रुप यांच्या तोंडी न बोललेला शब्द घातला नाही, कागदावर शिंगे काढली नाहीत. दिवे ठेवले आणि बटण दाबले. मग याला खोटी साक्ष कसे म्हणावे?

तरीही आमचे मन तेथे थांबत नाही. समजा, त्याच खुर्चीवर, त्याच दिव्यांमध्ये, त्याच हिरव्या छटेत, त्या कारखान्यात राबलेल्या एखाद्या बंदिवानाला बसवले असते आणि तसेच पुढे झुकायला सांगितले असते, तर त्याचा चेहरा कसा दिसला असता? तोही सैतानासारखाच दिसला असता. ज्या उजेडात कोणीही राक्षस दिसतो, तो उजेड कोणाच्या राक्षसपणाचा पुरावा होऊ शकत नाही. त्या फोटोतील निवाडा क्रुप यांच्या चेहऱ्यातून आलेला नाही. तो फोटोग्राफरच्या मनातून, दिव्यांच्या मार्फत, चेहऱ्यावर आलेला आहे. निवाडा खरा होता, हा भाग वेगळा. परंतु न्यायालयात खऱ्या आरोपासाठीही खोटा पुरावा चालत नाही. कारण आज जो पुरावा दोषी माणसाविरुद्ध वापरला, तोच उद्या निर्दोष माणसाविरुद्ध वापरता येतो.

याहूनही खोल असा दुसरा आक्षेप आम्हांला जाणवतो. त्या कारखान्यांत जे घडले ते हिरव्या उजेडात घडले नाही. ते स्वच्छ कचेऱ्यांत, नेहमीच्या दिव्यांखाली, नीटनेटका पोशाख केलेल्या माणसांनी कागदांवर सह्या करून घडवून आणले. इतके मजूर हवेत, इतके धान्य पुरेल, इतके आजारी आहेत ते परत पाठवावेत, अशी त्या पापाची भाषा. दुष्टपणाला सैतानाचा चेहरा दिला की आपण निश्चिंत होतो. वाटते, तो आला तर आपण त्याला लगेच ओळखू. प्रत्यक्षात तो आपल्यासारखाच चेहरा घेऊन येतो. कधी कधी आपलाच चेहरा घेऊन येतो. क्रुप यांचा साध्या पांढऱ्या उजेडात काढलेला, एका सभ्य, थकलेल्या, मध्यमवयीन गृहस्थाचा फोटो आणि त्याखाली न्यायाधिकरणाच्या निकालाच्या दोन ओळी, एवढेच छापले असते, तर पाहणाऱ्याच्या अंगावर अधिक खरा काटा आला असता, असे आम्हांला वाटते.

न्यूमन यांच्या बाबतीत निदान गुन्हा सिद्ध झालेला होता. तो व्हायचा असतानाच सावली टाकली तर काय होते, हे १९९४ साली अमेरिकेत दिसून आले. फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांना खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्यांचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी त्या वर्षीच्या जून महिन्यात मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'ने तो होता तसा छापला. 'टाइम'ने कडा काळवंडून, चेहरा अधिक गडद करून छापला. दुकानात दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले आणि फरक लोकांच्या नजरेत भरला. एका कृष्णवर्णीय माणसाला अधिक काळे केले की तो अधिक गुन्हेगार दिसतो, हा त्यामागचा न बोललेला समज अनेकांच्या जिव्हारी लागला. टीकेची झोड उठली आणि संपादकांना वाचकांपुढे खुलासा करावा लागला. खटला तेव्हा सुरूही झालेला नव्हता. पुढे १९९५ साली फौजदारी न्यायालयाने सिम्पसन यांना निर्दोष सोडले आणि १९९७ साली दिवाणी न्यायालयाने त्याच मृत्यूंसाठी त्यांना जबाबदार धरले. खरे-खोटे आम्ही ठरवणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, न्यायालयाला वर्षे लागली, ते शाईच्या एका थराने आठवडाभरात उरकले.

येथे कोणी विचारील, मग चेहऱ्यावर सावलीच टाकू नये काय? सपाट, रंगहीन, समोरून आलेला उजेड तेवढा प्रामाणिक? आम्हांला तसे वाटत नाही. पासपोर्टच्या फोटोत सावली नसते, पण त्यात आपला माणूस सापडला असे कोणत्या आईला वाटते? मुळात तटस्थ दिवा असा नसतोच. प्रत्येक दिवा कोठेतरी ठेवावा लागतो आणि जेथे ठेवला तेथून तो काही दाखवतो, काही झाकतो. सावली हा दोष मानला तर रेम्ब्रांटची चित्रे भिंतीवरून उतरवावी लागतील.

कॅनडातील विख्यात व्यक्तिचित्रकार यूसुफ कार्श यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कार्श जन्माने आर्मेनियन, तुर्कस्तानातील मार्दिनचे. आपल्या समाजाचा संहार त्यांनी बालवयात पाहिला आणि सोळा वर्षांचे होण्याच्या सुमारास ते निर्वासित म्हणून मामांकडे कॅनडात पोहोचले. बोस्टनमध्ये त्यांनी फोटोग्राफीचे धडे घेतले ते नैसर्गिक उजेडात. कृत्रिम दिव्यांची किमया त्यांना कळली ती ओटावाच्या हौशी नाट्यगृहात. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसदभवनात त्यांनी चर्चिल यांच्या तोंडातील सिगार अचानक काढून घेतली आणि तत्क्षणी बटण दाबले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. कार्श यांच्या फोटोंत सावल्या दाट आहेत, न्यूमन यांच्या त्या फोटोइतक्याच दाट. पण त्या सावलीतून चेहरा वर येतो, खाली बुडत नाही. हातांवर ते वेगळा उजेड टाकीत, कारण हातही माणसाविषयी काही सांगतात, अशी त्यांची धारणा होती. ज्याने माणसांतील क्रौर्य लहानपणीच पाहिले, त्याने आयुष्यभर माणसांतील थोरवी शोधली.

कार्श यांच्यावरही आक्षेप घेता येतो. थोरांना अधिक थोर करून दाखवणे हीसुद्धा एक प्रकारची भाटगिरीच नव्हे काय? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. निंदा जशी सत्याविरुद्ध अपराध आहे, तशीच खोटी स्तुतीही आहे. ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश आठव्या आज्ञेचे विवरण करताना या दोहोंचा एकत्रच विचार करतो. आपल्याकडे लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा म्हटले की मंडळी स्टुडिओत काय सांगतात? 'जरा उजळ येऊ दे.' मग चेहऱ्यावर पावडर, समोर दोन पांढरे दिवे, आणि आता तर संगणकावर आणखी एक हात. सावळी मुलगी गोरी होऊन पाकिटातून जाते. यात क्रूरपणा कोणाच्या मनात नसतो. आईबापांना मुलीचे भलेच करायचे असते. परंतु त्या मुलीला काय सांगितले जाते? देवाने तिला दिलेला चेहरा पुरेसा नव्हता, हे. जी गोष्ट 'टाइम'च्या मुखपृष्ठाने काळ्या शाईने केली, तीच आपण पांढऱ्या दिव्याने करतो. दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की काळा रंग म्हणजे उणेपणा.

हा समज कधीकधी यंत्रातच मुरलेला असतो. रंगीत फिल्म धुताना रंग बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड पुरवीत असे. अनेक दशके त्या कार्डावर गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. तिची त्वचा नीट आली की रंग नीट आले, असे मानले जाई. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या मोजमापात हरवून जात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९०च्या दशकात आले. सावळ्या चेहऱ्याला कमी नव्हे, समजूतदार उजेड लागतो. बाजूने, पसरट आणि मऊ असा उजेड दिला की सावळ्या कातडीवर जी झळाळी येते ती पावडरीने कधीच येत नाही. आपल्या मुलींचे फोटो काढणाऱ्यांनी एवढे शिकून घेतले, तर ते एक पुण्यकर्मच ठरेल.

सर्वच रंगीत उजेडाकडे संशयाने पाहावे, असे मात्र कोणी समजू नये. १९३५ साली लंडनच्या मादाम यवोंद यांनी उच्चभ्रू समाजातील स्त्रियांना ग्रीक-रोमन देवतांच्या वेषात सजवून एक फोटोमालिका काढली. तीत त्यांनी भडक रंगांचा आणि रंगीत उजेडाचा मनसोक्त वापर केला. त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. फोटोतील बाईंना ठाऊक होते, पाहणाऱ्यांना ठाऊक होते, की हे नाटक आहे. आजची तरुण मंडळी लाल-निळ्या उजेडात हौसेने फोटो काढून घेतात, तेही याच जातीचे. सोंग सांगून आणले की ते सोंग. न सांगता आणले की ती लबाडी. फरक रंगात नाही, संमतीत आहे.

चित्रकलेतील उजेडाचा विचार करताना आम्हांला रोममधील सान लुइजी देई फ्रान्चेसी या चर्चमधील एका चित्राची आठवण होते. काराव्हाज्जो याने १५९९-१६०० या काळात रंगवलेले हे चित्र मत्तयाच्या पाचारणाचे. जकातदार पैसे मोजीत मेजाभोवती बसले आहेत. उजवीकडून प्रभू येशू आत आला आहे आणि त्याच्या डोक्यावरून तिरपा उजेड त्या अंधाऱ्या खोलीत पडला आहे. जकातदार हे त्या काळचे तिरस्कृत लोक. त्यांचे चेहरे भेसूर रंगवायला काराव्हाज्जोला कोणी अडवले नसते. त्याने तसे केले नाही. तिरपा उजेड मेजावरच्या सर्वांपर्यंत जातो. कोणी मान वर करून पाहतो, कोणी नाण्यांतच गुंतलेला आहे. त्यांच्यातील मत्तय नेमका कोणता, दाढीवाला की खाली मान घातलेला तरुण, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. आम्हांला त्या मतभेदातच चित्राचे मर्म दिसते. उजेड तेथे कोणाचाही निकाल लावीत नाही. तो विचारतो, आणि उत्तर द्यायला जागा ठेवतो.

माणूस देवाच्या प्रतिमेत घडवला गेला, ही आपली श्रद्धा आहे. ती खरी असेल तर कोणत्याही चेहऱ्यावर शेवटचा शब्द लिहिण्याचा अधिकार कोणा फोटोग्राफरला नाही. क्रुप यांच्या चेहऱ्यावरही नाही. पाप दाखवावे, जरूर दाखवावे. पण पापाचा रंग माणसाच्या कातडीलाच फासला, की पश्चात्तापाला जागा उरत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की, शेजाऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ घ्यावा, आणि तसा अर्थ लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे. बोलण्याला जो न्याय, तोच चेहऱ्याला. स्टुडिओच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, एक दिवा लावून थांबू नये. सावलीत राहिलेल्या बाजूला दुसरा दिवा, मंद का होईना, द्यावा. तेथे काय आहे ते पाहावे आणि मगच बटण दाबावे.

पाहणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. २०१७ सालापासून मोबाइल फोनमध्ये अशी सोय आली की, फोटो काढून झाल्यावर, प्रत्यक्षात दिवा नसतानाही, चेहऱ्यावर स्टुडिओचा उजेड चढवता येतो आणि मागचे सारे काळे करता येते. जी विद्या शिकायला उमेदवारी करावी लागे, ती आता आपल्या मुलांच्या अंगठ्याखाली आहे. एखाद्याचा भेसूर, काळवंडलेला, लाल डोळ्यांचा फोटो हातात येतो, त्याखाली त्याच्या दुष्कृत्यांची यादी असते, आणि आपण तो पुढे पाठवतो. पाठवण्याआधी क्षणभर थांबून विचारावे, यातला दिवा कोठे ठेवला आहे? तो कोणी ठेवला? याच उजेडात माझा मुलगा बसला तर कसा दिसेल? सावलीचा रंग काही अंशी आपल्याच डोळ्यात तयार होतो, हे ग्यॉटे यांनी बर्फावर पाहिले होते. माणसांच्या बाबतीतही ते खोटे नाही.

आपल्या धर्मग्रामातील घरांत पुढच्या हंगामात लग्ने निघतील, बालकांचे प्रथम कम्युनियन होईल. कोणाच्या घरी हार घालण्यासाठी जुना फोटो शोधला जाईल. तेव्हा फोटोग्राफरला 'उजळ काढा' असे न सांगता 'आहे तशी काढा, पण नीट बघून काढा' असे सांगावे. आजीच्या सुरकुत्या राहू द्याव्यात. आजोबांच्या कपाळावरची सावली पुसू नये. उन्हातान्हात वाडी शिंपताना ती तेथे आलेली असते. मुलगी सावळी असेल तर तिला तिच्या रंगाला शोभेल असा मऊ उजेड द्यावा आणि तो फोटो तसाच पाकिटात घालावा. तो पाहून जे घर 'हो' म्हणेल, ते तिला 'हो' म्हणेल.